जुना कॉम्प्युटर, नवं ऑफिस: टाकावं की थांबावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान छोट्या कार्यालयांसाठी आहे. सोसायटीचं ऑफिस, शाळेतल्या लिपिकाचं टेबल, कर सल्लागाराकडची दोन-तीन मशिन, वकिलाकडचा टायपिस्ट, तालुक्याच्या गावातलं डीटीपी सेंटर. इथला कॉम्प्युटर आठ-दहा वर्षं जुना असतो, त्यावर ऑफिस २००७ किंवा २०१० असतं आणि 'आता नवं टाकून घ्या' असं कुणी ना कुणी सांगत असतं. 'ऑफिस' म्हणजे इथे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट आणि आउटलुक.

माझं ऑफिस २०१० व्यवस्थित चालतंय. बदलायलाच हवं का?

ते दोन फायलींना विचारा. पहिली, तुमच्याकडची सगळ्यात जुनी फाइल, जी अजूनही अधूनमधून उघडावी लागते: सभासदांचं जुनं रजिस्टर, वीस वर्षांपूर्वीच्या करारनाम्याचा मसुदा, श्रीलिपीत टाइप केलेली संस्थेची घटना. दुसरी, बाहेरून तुमच्याकडे येणारी सगळ्यात नवी फाइल: ऑडिटरची एक्सेल शीट, बँकेचा फॉर्म, वरच्या कार्यालयाकडून आलेला तक्ता.

जुनी फाइल नव्या ऑफिसमध्ये बिघडणार असेल तर घाई करू नका, आधी तिची सोय लावा. नवी फाइल जुन्या ऑफिसमध्ये उघडतच नसेल तर थांबून काही मिळणार नाही. मराठी कार्यालयांत बहुतेक वेळा दोन्ही अडचणी एकदमच असतात, म्हणून खाली फॉन्टवर इतकं लिहिलं आहे.

दोन्ही फायली नीट उघडत असल्या तरी एक प्रश्न उरतो. त्या मशिनवर ईमेलने आलेल्या फायली उघडल्या जातात का? उत्तर 'हो' असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बदला. मशिन इंटरनेटला जोडलेलंच नसेल, पेन ड्राइव्ह फिरत नसतील आणि त्यावर फक्त पावत्या आणि पत्रं टाइप होत असतील, तर ऑफिस २०१० आणखी काही वर्षं खुशाल वापरा.

कोणत्या ऑफिसचा सपोर्ट कधी संपला?

ऑफिस २००७ चा १० ऑक्टोबर २०१७ रोजी, २०१० चा १३ ऑक्टोबर २०२० रोजी, २०१३ चा ११ एप्रिल २०२३ रोजी. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट एकाच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज १० ची तारीखही तीच. ऑफिस २०२१ ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि ऑफिस २०२४ ला ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत मुदत आहे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. 'जुन्या मशिनला जुनंच बरं' म्हणून कुणी आज ऑफिस २०१६ किंवा २०१९ विकत देऊ केलं, तर घेऊ नका. ते पहिल्या दिवसापासूनच सपोर्टबाहेरचं आहे.

सपोर्ट संपला म्हणजे प्रोग्रॅम बंद पडतो का?

नाही. वर्ड उघडेल, टाइप होईल, प्रिंट निघेल. फक्त नवी भोकं सापडली की ती बुजवणारं कुणी उरत नाही.

याचं ठळक उदाहरण म्हणजे वर्डमधला जुना इक्वेशन एडिटर. गणिताची चिन्हं टाइप करायचा हा छोटासा भाग २००० सालापासून जवळपास तसाच होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यात असं भोक असल्याचं उघड झालं, की खास बनवलेली फाइल नुसती उघडली तरी मशिनवर परका प्रोग्रॅम चालू शकत होता. मॅक्रो (फाइलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) चालू करायची गरज नव्हती की कुठे 'हो' म्हणायची. आधी दुरुस्ती आली आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो भागच ऑफिसमधून काढून टाकला. ज्या मशिनवर त्यानंतर ऑफिसचं एकही अपडेट गेलेलं नाही, तिथे ते भोक आजही तसंच आहे. आणि अशा फायली 'इन्व्हॉइस', 'कोटेशन', 'पेमेंट ॲडव्हाइस' अशा नावांनी येतात, म्हणजे छोट्या ऑफिसात ज्या फायली दिवसभर उघडल्या जातात नेमक्या त्याच नावांनी.

बाहेरून आलेली फाइल वरती पिवळी पट्टी दाखवून आधी फक्त वाचायला उघडायची, ही सोय ऑफिस २०१० पासून आली. २००७ मध्ये तेवढीही आडकाठी नाही. म्हणून २००७ वापरणाऱ्यांना मी जास्त आग्रहाने सांगते.

आमच्या शाळेत जुन्या प्रश्नपत्रिकांत भरपूर समीकरणं आहेत. त्यांचं काय होईल?

ती दिसतील आणि छापली जातील, पण तो एडिटर काढून टाकल्यामुळे डबल क्लिक करून बदलता येणार नाहीत, निदान बऱ्याच आवृत्त्यांत. ऑफिस बदलण्याआधी नेहमी लागणाऱ्या प्रश्नपेढ्यांची पीडीएफ करून ठेवा. नवी समीकरणं वर्डच्या आताच्या 'इक्वेशन' सोयीतून टाका. जुनी सगळी एका दमात बदलायच्या मागे लागू नका. जी प्रश्नपत्रिका या वर्षी पुन्हा वापरायची आहे तेवढीच नव्याने टाइप करा.

कॉम्प्युटर फार हळू चालतो. नवं ऑफिस टाकलं की वेग वाढेल का?

नाही वाढणार. हा गैरसमज फार पैसे घालवतो. नवं ऑफिस जुन्यापेक्षा जड असतं, त्यामुळे आहे त्याच मशिनवर ते आणखी रेंगाळेल.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. मशिन रखडलेलं असतानाच 'डिस्क'खालचा टक्का पाहा. विंडोज ७ मध्ये हाच आकडा रिसोर्स मॉनिटरमध्ये मिळतो. डिस्क सतत शंभर टक्क्यांच्या आसपास आणि प्रोसेसर निवांत असेल, तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिच्या जागी सॅटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये ती बसते, जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर क्लोन करता येते आणि वर्ड उघडायला लागणारा वेळ कुणालाही जाणवेल इतका कमी होतो. जुन्या मशिनवर एकच खर्च करायचा असेल तर मी हाच करायला सांगेन.

डिस्क ठीक आणि मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवा. पण विंडोज ३२ बिटचं असेल तर चार जीबीच्या वर टाकलेली रॅम वाया जाते, म्हणून आधी विंडोजचा प्रकार बघून घ्या. जुन्या मशिनला लागणारी डीडीआर३ रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सेकंडहँड मिळते. ती दुकानातच लावून, मशिन चालू करून बघा आणि मगच पैसे द्या.

प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर असेल तर मात्र एसएसडी फार उपयोगी पडणार नाही. तेव्हा पंख्यात साठलेली धूळ, एकाच वेळी बसवलेले दोन अँटिव्हायरस किंवा मशिनमध्ये घुसलेला एखादा नको असलेला प्रोग्रॅम, या तिघांचा शोध घ्या.

आणि मशिनची तारीख सारखी मागे जाते, त्याचं काय?

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्यासारखा सेल संपला आहे. तो स्वस्त असतो आणि पाच मिनिटांत बदलता येतो. तारीख चुकीची असली की वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडतात आणि ऑफिसचं ॲक्टिव्हेशनही अडकतं. अनेकांना वाटतं ऑफिसच बिघडलं. सेल आधी बदला.

माझ्या मशिनवर नवं ऑफिस बसेल का?

ऑफिस २०२१ आणि २०२४ ला विंडोज १० किंवा ११ लागतं. विंडोज ७ वर बसणारं शेवटचं ऑफिस २०१६ होतं. २०१९ पासूनच विंडोज १० ची अट आली. रॅम किमान चार जीबी सांगितली जाते, पण चार जीबीत वर्ड, एक्सेल आणि ब्राउझर एकत्र चालवणं म्हणजे रोजचा वैताग. आठ असावी.

एक बारीक अट दुकानदार सहसा सांगत नाही. नव्या ऑफिसला १२८० गुणिले ७६८ इतका तरी स्क्रीन लागतो. जुना चौकोनी मॉनिटर अनेकदा १०२४ गुणिले ७६८ चा असतो. त्यावर ऑफिस उघडतं, पण वरची बटणं एकमेकांत मिसळून जातात आणि कागदासाठी जागाच उरत नाही.

माझ्याकडे विंडोज ७ आहे. आधी विंडोज की आधी ऑफिस?

विंडोज. विंडोज ७ चा सामान्य सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोम ब्राउझरची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती होती. त्यामुळे 'ऑनलाइन ऑफिस वापरू' ही पळवाटही तिथे हळूहळू बंद होत जाते. दार मोडलेलं असताना खिडकीला नवी कडी लावून घर सुरक्षित होत नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७-१८ च्या आधीची बहुतेक मशिन गळतात. विंडोज १० चा सपोर्ट संपला असला तरी वैयक्तिक वापराच्या मशिनला नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ (दरवर्षी पैसे भरायचं ऑफिस) घेतलं असेल, तर त्यातल्या वर्ड-एक्सेलला विंडोज १० वर १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. पण याने ऑफिस सांभाळलं जाईल, विंडोज नाही.

ज्या मशिनवर विंडोज ११ बसत नाही, त्याच्यासाठी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) हा खरोखरचा पर्याय आहे. लिनक्स मिंट जुन्या यंत्रावर बरं चालतं आणि त्यात लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट ऑफिस) आधीपासूनच असतं. प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन त्यावर चालतं का, हे मात्र पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी तपासा.

मराठी फायलींचं काय होईल?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि टाळता येण्यासारखं असूनही होतं.

तुमच्या जुन्या फायली श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोड (कुठल्याही मशिनवर अक्षरं तीच राहतात अशी पद्धत) नाहीत. त्या फाइलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार चढवतो. फॉन्ट गेला की मराठी गेली, उरते इंग्रजी अक्षरांची खिचडी. ऑफिस नवं आहे की जुनं, याच्याशी त्याचा संबंध नाही. पण ऑफिस बदलताना मशिन फॉरमॅट केलं जातं, फॉन्टचा फोल्डर पुसला जातो आणि दोष मात्र नव्या वर्डला दिला जातो.

म्हणून कुणालाही मशिनला हात लावू देण्याआधी विंडोजच्या फोल्डरमधला 'फॉन्ट्स' फोल्डर पूर्ण कॉपी करून दोन ठिकाणी ठेवा. फॉन्टची सीडी, तिचं बिल आणि लायसन्सचा कागद सापडत असेल तर तोही ठेवा. काही जुन्या पॅकेजना यूएसबीचं किंवा त्याआधीच्या पॅरलल पोर्टचं लॉक लागायचं. ते लॉक आणि त्याचा ड्रायव्हर नव्या ६४ बिट विंडोजवर चालेल असं गृहीत धरू नका. फॉन्ट कॉपी केला तर जुनी फाइल वाचता येते, पण टाइप करायला त्या पॅकेजचा कीबोर्ड लागतो, हा फरक लक्षात असू द्या.

पुढे युनिकोड. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेता येतो, पण त्यानंतर माणसाने वाचावाच लागतो. चुका ठराविक जागी होतात: पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार सरकतो, 'ऱ्या' आणि 'र्या' यांची अदलाबदल होते, 'श्र', 'क्ष', 'द्ध', 'ट्ट' तुटतात आणि मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द व आकडे देवनागरीच्या गोंधळात रूपांतरित होतात. आकड्यांची चूक सगळ्यात घातक. करारनाम्यातली रक्कम, सातबाऱ्यावरचा गट नंबर, सभासद क्रमांक हे डोळ्यांनी ताडून पाहा. मूळ फाइल कधीही पुसू नका, आणि रूपांतर करण्याआधी तिची पीडीएफ काढून ठेवा.

एक्सेलमध्ये जुन्या फॉन्टचा आणखी एक तोटा आहे. सभासदांची नावं अकारविल्हे लावायला गेलात तर एक्सेल पोटातल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावतं आणि क्रम भलताच येतो. युनिकोडमध्ये नावं आली की सॉर्ट, फिल्टर, शोध सगळं सरळ होतं, आणि तीच यादी मोबाइलवरही वाचता येते. मला विचाराल तर मराठी कार्यालयाने ऑफिस बदलण्याचं सगळ्यात चांगलं कारण हेच आहे: या निमित्ताने युनिकोडवर या.

ज्यांच्या फायली आधीच युनिकोडमध्ये, मंगल फॉन्टमध्ये आहेत त्यांनाही एक धक्का बसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट मूळ बसवणीत नसतात, ते देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स नावाच्या वेगळ्या जोडीत असतात. ती नसेल तर वर्ड त्या जागी निर्मला वापरतं, ओळींची उंची बदलते आणि एका पानाचं पत्र दीड पानावर जातं. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून ही जोडी टाकून घ्या, पत्र पुन्हा एका पानावर येईल.

टायपिंगसाठी विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे. वर्षानुवर्षं रेमिंग्टनवर हात बसलेल्या टायपिस्टला इनस्क्रिप्ट शिकायला वेळ द्या. ऑफिस बदललं त्याच आठवड्यात वेगाची अपेक्षा धरणं त्या माणसावर अन्याय आहे.

ऑडिटरने पाठवलेल्या एक्सेलमध्ये विचित्र अक्षरं आणि 'नेम'ची एरर का येते?

त्याच्याकडे नवं एक्सेल आहे. एक्सलुकअप, फिल्टर, युनिक ही सूत्रं एक्सेल २०२१, २०२४ आणि ३६५ मध्येच आहेत. टेक्स्टजॉइन आणि आयएफएस २०१९ पासून आली. जुन्या एक्सेलमध्ये फाइल उघडल्यावर आधी काढलेलं उत्तर दिसतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. एखादा आकडा बदलला, सूत्र पुन्हा चाललं, की एरर येते. सूत्राच्या सुरुवातीला 'एक्सएलएफएन' अशी अक्षरं दिसली तर त्या शीटमध्ये काहीही बदलू नका.

वर्षातून एक-दोनदाच असं होत असेल तर ऑडिटरला व्हीलुकअप वापरायची विनंती करा. दर महिन्याला होत असेल तर तुमचं एक्सेल बदलायची वेळ आली आहे.

आणखी एक. वरती 'कंपॅटिबिलिटी मोड' लिहिलेलं दिसत असेल तर तुमची फाइल अजून जुन्या एक्सएलएस प्रकारात आहे. त्यात ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. सोसायटीला फरक पडणार नाही, व्यापाऱ्याच्या स्टॉकला पडेल.

पैसे न घालता लिब्रेऑफिसवर भागेल का?

पत्रं, नोटिसा, इतिवृत्त, पावत्या आणि साधे हिशेब एवढं काम असेल तर भागेल, आणि चांगलं भागेल. ते ओपनऑफिसमधून २०१० साली वेगळं झालं, फुकट आहे, व्यवसायात वापरायला परवानगी आहे आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर कॉम्प्युटर शिकवत आल्या आहेत. विंडोज ७ किंवा ८ असेल तर लिब्रेऑफिस २५.२ पर्यंतच थांबावं लागेल, पुढच्या आवृत्त्यांना विंडोज १० लागतं.

त्याची मोठी सोय अशी की जुनं ऑफिस न काढता ते शेजारी बसवता येतं. महिनाभर दोन्ही ठेवा. रोजच्या कामाच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडून प्रिंट काढा आणि जुन्या प्रिंटशेजारी ठेवून पाहा. टेबलांच्या रेषा, समास, पानाचा शेवट इथे फरक दिसेल. ज्या फायली वर्ड वापरणाऱ्यांकडे परत जाणार आहेत त्या डॉकएक्समध्येच सेव्ह करा.

कुणी घेऊ नये? ज्यांचं काम एक्सेलच्या मॅक्रोंवर चालतं त्यांनी. आयकर आणि जीएसटीच्या एक्सेलवर चालणाऱ्या ऑफलाइन युटिलिटी मॅक्रोंवर बेतलेल्या असतात. त्या लिब्रेऑफिसमध्ये भरवशाने चालत नाहीत आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे कळून उपयोग नाही. कर सल्लागाराने निदान एका मशिनवर खरं एक्सेल ठेवलंच पाहिजे.

गूगल डॉक्स किंवा ऑनलाइन वर्ड?

मशिन कमकुवत आणि नेट चांगलं असेल तर उत्तम. मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं की ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल फुकट मिळतं, सोबत ५ जीबी जागा. गूगलकडे १५ जीबी, पण त्यातच जीमेल आणि फोटो. नेट सारखं जाणाऱ्या गावात मुख्य काम यावर ठेवू नका. संस्थेची कागदपत्रं सेक्रेटरीच्या खाजगी खात्यावर तर मुळीच नको. कमिटी बदलली की रजिस्टर कुणाच्या ताब्यात, यावरून भांडणं होतात. संस्थेच्या नावाने वेगळं खातं काढा आणि पासवर्ड पाकिटात सील करून दप्तरात ठेवा.

एकदाच पैसे भरायचे की दरवर्षी?

मशिन अजून किती वर्षं वापरणार, यावर ठरतं. एकरकमी ऑफिस २०२४ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मशिन दोन वर्षांत निकालात निघणार असेल तर आधी विचारा, हे लायसन्स दुसऱ्या मशिनवर नेता येतं का. मशिनसोबत आलेलं ऑफिस सहसा त्या मशिनबरोबरच जातं. दरवर्षीचं ३६५ खात्याला जोडलेलं असतं, त्यामुळे ते तुमच्याबरोबर नव्या मशिनवर येतं. पण पैसे भरायचे थांबलात की फायली फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत.

म्हातारं मशिन असेल तर माझा कौल असा: एकरकमी ऑफिस त्याच्यासाठी घेऊ नका. एक वर्षाचं ३६५ किंवा लिब्रेऑफिस यावर काम चालवा आणि ती रक्कम पुढच्या मशिनसाठी बाजूला ठेवा. आणि 'होम अँड स्टुडंट' लिहिलेलं ऑफिस धंद्यासाठी नसतं, हे बिल फाडण्याआधी बघा.

ओळखीचा माणूस पाचशे रुपयांत 'फुल व्हर्जन' टाकून देतो. घ्यावं का?

नाही. ते चालू करायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच समजून जा. सुरक्षेसाठी ऑफिस बदलायचं आणि ते बदलताना अनोळखी प्रोग्रॅमला घरात घ्यायचं, याला अर्थ नाही. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. जीएसटी बिल मिळत नसेल तिथून सॉफ्टवेअर घेऊ नका. पैसे नसतील तर लिब्रेऑफिस आहे.

३२ बिट की ६४ बिट?

विंडोज ६४ बिट असेल तर ६४ बिट. जुनं ॲड-इन किंवा ॲक्सेसमध्ये बनवलेला जुना प्रोग्रॅम वापरत असाल तरच ३२.

जुन्या आउटलुकमध्ये जीमेल येणं बंद झालं. ऑफिस बदलून येईल का?

बहुतेक वेळा येईल. नुसतं नाव-पासवर्ड देऊन आत शिरणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना गूगलने ३० मे २०२२ पासून खाजगी खात्यांत बंदी केली. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड काढला तर जुनं आउटलुकही कधी कधी चालतं. मशिन फॉरमॅट करण्याआधी पीएसटी फाइल शोधून कॉपी करा. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्या एका फाइलमध्ये असतो आणि फॉरमॅटमध्ये सगळ्यात आधी तीच हरवते.

बदलायच्या आधी नेमकं काय काय जपायचं?

फॉन्ट आणि पीएसटी वर आलेच. त्याशिवाय वर्डचं नॉर्मल टेम्प्लेट, ज्यात टायपिस्टने बसवलेले शॉर्टकट असतात. टॅलीचा डेटा आणि त्याचा बॅकअप. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर, कारण जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर नंतर शोधणं अवघड जातं. डिजिटल सिग्नेचर टोकनचा ड्रायव्हर आणि त्याचा पासवर्ड. डेस्कटॉपवर पडलेल्या फायली, ज्या कुणीच कामाच्या म्हणून मोजत नाही आणि नंतर त्याच शोधल्या जातात.

बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या मशिनवर लावून तीन-चार फायली उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नका. आणि हा सगळा उद्योग मार्च, जुलै आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करू नका. शाळा असेल तर निकालाच्या आठवड्यात नको.

जुनं मशिन काढून टाकू का?

त्यावर श्रीलिपी किंवा आयएसएम (मराठी टायपिंगची जुनी पॅकेजं) चालत असेल तर टाकू नका. इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि जुन्या फायली वाचायला-छापायला ते कोपऱ्यात ठेवा. पीडीएफ काढून पेन ड्राइव्हने न्या, आणि तो पेन ड्राइव्ह नव्या मशिनवर उघडण्याआधी स्कॅन करा.

खरंच काढायचं असेल तर हार्ड डिस्क आधी बाहेर काढून स्वतःकडे ठेवा. नुसत्या क्विक फॉरमॅटने आधार क्रमांक, पॅन, सभासदांचे पत्ते पुसले जात नाहीत, ते परत काढता येतात. उरलेलं यंत्र भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला द्या आणि त्यांची पावती दप्तरी लावा. एखाद्या शाळेला देणार असाल तर त्यात नवी एसएसडी, लिनक्स आणि लिब्रेऑफिस घालून द्या. तेवढ्यावर मुलांना टायपिंग आणि मराठी युनिकोड शिकवता येतं.